मोगलाई उरली असती तर
(प्रस्तावना)

आष्टी तालुक्याच्या पश्चिम अंगाला सीना नदी वाहते. वाहते म्हणायची पद्धत. उन्हाळ्यात तिच्यातून चप्पल न भिजवता पलीकडं जाता येतं. माझे आजोबा ती ओलांडायचे तेव्हा मात्र राज्य बदलायचं. अलीकडं मोगलाई, म्हणजे निजामाचं हैदराबाद राज्य, पलीकडं इंग्रजी हद्द. नगरच्या बाजाराला निघायचं तर कमरेच्या कशात दोन प्रकारचे रुपये लागत, हाली आणि कलदार. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली हा सरकारी दर; सावकाराचा दर त्याच्या मनावर. हद्दीवर करोडगिरीचा नाका. करोडगिरी म्हणजे निजामाचं जकात खातं. गाडीत काय आहे ते शिपायाला दाखवल्याशिवाय बैल पुढं पाऊल टाकत नसत. आजोबांच्या तोंडी परदेश हा शब्द कधी आला नाही, पण ते वर्षातून दोन-चारदा परदेशी जाऊन येत होते आणि येताना गूळ आणत होते.

आमच्या पिढीला मोगलाई हा शब्द भांडणातच भेटला. ‘ही काय मोगलाई लागून गेली का?’ असं कुणी कुणाला दटावलं की त्यातली मोगलाई म्हणजे अंदाधुंदी. आजोबांच्या बोलण्यात तो नुसता पत्ता होता. शब्द तोच, एकाचं गाव आणि दुसऱ्याची शिवी. या फटीतून हे पुस्तक सुचलं.

विषय सांगायला सोपा आहे. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ नंतरही कोणत्या ना कोणत्या रूपात उरलं असतं, तर बीड जिल्हा आज कुठल्या राज्यात, कुठल्या कायद्याखाली, कुणाच्या पाण्यावर जगत असता? पुढची सगळी प्रकरणं या एका प्रश्नाभोवती फिरतात. जर-तरच्या इतिहासाला आपल्याकडं फारसा मान नाही. आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, असं म्हणून विषय संपवतात. त्यातही गंमत अशी, की मराठी माणसाइतका जर-तरचा छंद दुसऱ्या कुणाला नसेल. पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, थोरले माधवराव आणखी दहा वर्षं जगले असते तर, हे पारावर रोज चालतं. डॉ. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत ती गोळी थोडक्यात चुकवली आणि त्या एका बदलातून अख्खा वेगळा हिंदुस्थान उभा केला. तिकडं इंग्लंडात १९३१ साली अशाच लेखांचा एक संग्रह निघाला होता, त्यात चर्चिलनेही अमेरिकी यादवीवर एक लेख लिहिला. तेव्हा ही जागा अगदीच उनाडांची नाही.

मात्र हा खेळ खेळायचा तर एक पथ्य पाळावं लागतं. बदल एकच करायचा, आणि तोही त्या काळात खरोखर शक्य असलेला. बाकी सगळं होतं तसं राहू द्यायचं: पाऊस, कर्ज, जात, माणसांचे स्वभाव. नारळीकरांनी गोळी चुकवली, पण अब्दालीच्या फौजेला फुलं वाटली नाहीत.

बीडच्या भूमीवर असे फाटे पूर्वीही फुटले होते. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनला, आजच्या गेवराई तालुक्यात गोदेच्या काठावर, माधवराव पेशव्यांनी निजामअलीच्या फौजेचा पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथंच पडला. १७९५ मध्ये जिल्ह्याच्या वेशीवर खर्ड्याला निजाम पुन्हा हरला. दोन्ही वेळा तहात मुलूख मिळाला, आणि पुण्यातल्या भाऊबंदकीत त्यातला काही परत गेला. हे फाटे मी या पुस्तकात घेतलेले नाहीत. ते मोहाचे आहेत, पण त्यांत सामान्य माणसाचं मत कुणी विचारलेलंच नव्हतं. १९४८ मध्ये निदान विचारण्याची भाषा तरी सुरू झाली होती.

तो फाटा नीट पाहू. १९४७ चा नकाशा समोर ठेवा. ८२ हजारांवर चौरस मैल, सोळा जिल्हे, १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे १ कोटी ६३ लाख वस्ती. त्यात निम्म्याच्या आसपास तेलुगू, चौथा हिस्सा मराठी, बाकी कानडी आणि उर्दू. स्वतःचं नाणं, टपाल तिकीट, रेल्वे, फौज आणि उर्दूतून शिकवणारं विद्यापीठ. युरोपातले कितीतरी देश याहून लहान आहेत. म्हणूनच ‘दक्षिणेतलं स्वित्झर्लंड झालं असतं’ असं हळहळून म्हणणारे लोक अजून भेटतात. मला ही हळहळ पटत नाही. स्वित्झर्लंडच्या चार बाजूंना पाच देश आहेत, हैदराबादच्या चारही बाजूंना एकच होता. गोव्यातलं मुरगाव बंदर मिळवायची बोलणी पोर्तुगिजांशी झाली, ती फळली नाहीत. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानं भरून शस्त्रं आणत होता. विमानातून बंदुका येतात. मीठ, रॉकेल आणि औषधं यायला रेल्वे लागते, आणि ती सोलापूर किंवा मनमाडवरून येते.

त्यामुळं पूर्ण स्वतंत्र हैदराबाद हा पर्याय मी एका प्रकरणात निकालात काढला आहे. खरा शक्य असलेला फाटा जून १९४८ चा. २९ नोव्हेंबर १९४७ ला जैसे थे करार झाला होता, तो वर्षाचा. गव्हर्नर जनरल माउंटबॅटन २१ जूनला भारत सोडून जाणार होते आणि जाण्यापूर्वी त्यांना हा गुंता सोडवायचा होता. त्यांनी एक मसुदा तयार करवला. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण यांवर हैदराबादनं भारताच्या कायद्यांसारखेच कायदे करायचे, फौज २० हजारांच्या आत ठेवायची, रझाकारांची खासगी फौज टप्प्याटप्प्यानं बरखास्त करायची, जबाबदार सरकार आणायचं. सरदार पटेल तेव्हा हृदयविकारातून उठून डेहराडूनला विश्रांती घेत होते. मसुदा त्यांना मुळीच आवडला नव्हता. माउंटबॅटन स्वतः तिथं गेले आणि सरदारांनी नाखुशीनं त्यावर आद्याक्षरं केली. आता फक्त निजामाची सही हवी होती. निजामानं नकार दिला.

ती सही झाली असती तर, हा या पुस्तकाचा गाभा आहे. निजामाच्या हातात यापेक्षा चांगला कागद पुन्हा कधी आला नाही. तीन महिन्यांनी, १३ सप्टेंबरला, भारतीय फौजा शिरल्या; हीच पोलीस अ‍ॅक्शन. १५ तारखेला अंबाजोगाईत, तेव्हाच्या मोमिनाबादेत, गोवळकोंडा लान्सर्सनी नावापुरता प्रतिकार करून शरणागती पत्करली. १७ ला सगळं संपलं.

सही झाली असती तर १९४९ साली बीडला काय दिसलं असतं? कचेरीत अव्वल तालुकदारच बसला असता, कलेक्टर नव्हे. कामाचा कागद उर्दूतच राहिला असता, कदाचित समासात मराठी आलं असतं. सभेला परवानगी मागायला लावणारं गश्ती निशाण ५३ रद्द झालं असतं, पण परवानगीची सवय पोलीस अमिनाच्या अंगातून इतक्या लवकर गेली नसती. आणि रझाकार? लातुरात वकिली केलेला त्यांचा म्होरक्या कासिम रझवी एका कागदानं गप्प बसला असता, असं मानायला मी तयार नाही. माझा अंदाज असा, की ही व्यवस्था दोन-चार वर्षांपलीकडं टिकली नसती. तिला मोडायला दिल्ली लागली नसती, अंबाजोगाई पुरली असती.

हे अतिशयोक्तीनं म्हणत नाही. मुक्तिसंग्रामाचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांनी हिप्परग्याहून येऊन १९३५ पासून अंबाजोगाईत शाळा चालवली. मुकुंदराज आणि दासोपंतांच्या समाध्यांच्या या गावात मराठी शिकवणं ही त्या राजवटीत एक भूमिका होती, नुसतं अध्यापन नव्हतं. त्या शाळेत शिकलेली पोरं पुढं स्टेट काँग्रेसमध्ये गेली. ७ ऑगस्ट १९४७ ला भारतात सामील होण्याची मागणी करणारा दिवस पाळला गेला, आठवड्याभरात स्वामीजींना अटक झाली. आणि हद्द तर किती जवळ. वॉरंट निघालं की रात्रीत सीना ओलांडायची, पलीकडं स्टेट काँग्रेसच्या कॅम्पात राहायचं, परत यायचं. जे राज्य आपल्या पश्चिमेच्या तालुक्यातला माणूस एका रात्रीपुरताही धरून ठेवू शकत नाही, त्याचं स्वातंत्र्य राजवाड्याच्या आवारापुरतंच असतं. दिल्ली-हैदराबादच्या दप्तरांतून लिहिलेल्या इतिहासात हे दिसत नाही. तिथं फक्त सह्या दिसतात.

आता मेलेल्यांचा हिशेब. तो टाळून जर-तर लिहिणं मला हलकटपणा वाटतो. रझाकारांनी केलेल्या लुटी, जाळपोळ आणि खून मराठवाड्यातल्या गावोगावच्या आठवणीत आहेत, शाळेच्या पुस्तकात आहेत, दरवर्षीच्या १७ सप्टेंबरच्या भाषणात आहेत. पोलीस अ‍ॅक्शननंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं ते भाषणात नसतं. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीनं त्याच वर्षाच्या अखेरीस दौरा केला आणि मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड हे सगळ्यांत वाईट जिल्हे. त्यानंतर औरंगाबाद, बीड, नळगोंडा, मेदक. या चारांत मिळून किमान ५ हजार. तो अहवाल कित्येक दशकं छापलाच गेला नाही. सही झाली असती तर ही माणसं वाचली असती का? काही नक्कीच वाचली असती. पण सही झाल्यावर रझाकारांच्या हातून आणखी किती गेली असती, हेही त्याच वहीत लिहावं लागतं. मी दोन्ही रकाने मांडले आहेत. बेरीज मला जमली नाही आणि कुणी जमवून दाखवली तर मी तिच्याकडं संशयानं पाहीन.

जमिनीच्या बाबतीत मात्र माझा कौल स्पष्ट आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये हैदराबादचा कुळकायदा आला. देशातल्या त्या काळच्या सगळ्यांत पुढारलेल्या कुळकायद्यांत त्याची गणना होते, आणि मराठवाड्यात तोच कायदा पुढंही चालत राहिला. चमत्कार असा, की हे दोन्ही निर्णय निवडून न आलेल्या सरकारनं घेतले. १९५२ च्या निवडणुका अजून व्हायच्या होत्या. समेटातून उरलेल्या हैदराबादेत विधिमंडळ असतं, आणि त्या विधिमंडळात पहिल्या दोन रांगा जहागीरदारांच्या असत्या. बीडच्या कुळाला सातबारा कधी मिळाला असता, याचं माझं उत्तर पुस्तकात आहे. ते आनंदाचं नाही.

पाण्याचं प्रकरण लिहिताना मात्र माझीच पंचाईत झाली. मांजरा पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते. निजामानं तिच्यावर मोठं धरण बांधलं ते १९३१ मध्ये पुरं झालं, पण कुठं? पार खाली, तेव्हाच्या निजामाबाद जिल्ह्यात, निजामसागर. उगम आमचा, पाणी त्यांचं. केज तालुक्यात धनेगावला धरण झालं ते महाराष्ट्रात आल्यावर. म्हणजे मोगलाई राहिली असती तर बीडची तहान भागली असती, असं म्हणायला तोंड नाही. पण गोदावरी पाहा. दारणा, गंगापूर वरती नाशिकला, जायकवाडी खाली पैठणला, आणि तिच्या उजव्या कालव्यावर गेवराई, माजलगाव. दुष्काळाच्या प्रत्येक वर्षी नाशिक-नगरनं वरून पाणी सोडायचं की नाही यावर कोर्टकचेऱ्या होतात. राज्याराज्यांतल्या भांडणासाठी १९६९ मध्ये बच्छावत लवाद बसला, गोदावरीचा निवाडा १९८० मध्ये आला. त्या लवादापुढं महाराष्ट्र एक पक्षकार होता. बीड हैदराबाद राज्यात असता, तर खालच्या राज्याचा जिल्हा म्हणून त्याची बाजू मांडायला एक सरकार उभं राहिलं असतं. आज बीड वरच्या राज्याचाच खालचा जिल्हा आहे. घरातल्या घरातल्या वाटणीला लवाद नसतो. हे लिहून झाल्यावर मी दोन दिवस पुढं लिहू शकलो नाही, कारण मला न आवडणाऱ्या देशाच्या बाजूचा हा एक मुद्दा खरा निघाला होता.

आणि कोयता. दसरा-दिवाळी सरली की धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा, आष्टीहून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको मिळून एक कोयता होतात आणि कारखान्याच्या फडात कोपी टाकून सहा महिने काढतात. हे कारखाने त्या जुन्या इंग्रजी हद्दीत. पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेला १९५० मध्ये सुरू झाला, तेव्हा सीना नदी ही हद्द नुकतीच पुसली जात होती. ती पुसली गेली नसती, तर आमच्या टोळ्या करोडगिरीच्या नाक्यावर अंगठे देत रांगेत उभ्या राहिल्या असत्या, उचल कलदारात झाली असती आणि मुकादमानं बदलाईतही हात मारला असता. कोयता मात्र हातात तोच असता. या प्रकरणात मी शासन, झेंडा, चलन सगळं बदलून पाहिलं. बालाघाटाच्या डोंगरावरचा पाऊस बदलण्याची मुभा मला माझ्याच पथ्यानं दिली नव्हती.

दुसरा फाटा १९५५-५६ चा. तो थोडक्यात सांगतो, कारण त्यावर इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. राज्य पुनर्रचना आयोगानं हैदराबादचे तीन तुकडे सुचवले, १ नोव्हेंबर १९५६ ला ते झाले, आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. नेहरूंना ही मोडतोड फारशी पसंत नव्हती. रामानंद तीर्थ मात्र भाषावार विभागणीच्या बाजूचे. त्याच सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषिक राज्यांवरच्या आपल्या पुस्तिकेत महाराष्ट्राचे चार भाग सुचवले होते: मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व. मध्य महाराष्ट्रात खानदेश, नाशिक, नगर, सोलापूर आणि मराठवाडा एकत्र. हैदराबाद शहराला तर त्यांनी देशाची दुसरी राजधानी म्हणून पुढं केलं होतं. तो मध्य महाराष्ट्र झाला असता, तर सीनेचे दोन्ही काठ आणि गोदावरीचे वरचे-खालचे तालुके एकाच लहान राज्यात आले असते. माझ्या मते न झालेल्या सगळ्या नकाशांत बीडला सोयीचा हाच होता. आणि तो कल्पनेतला नाही, छापलेला आहे. मराठवाड्याला न्याय्य वाटा देऊ म्हणणाऱ्या नागपूर करारातल्या आश्वासनांचं आणि वैधानिक विकास मंडळाचं पुढं काय झालं, हे ठाऊक असलेल्या वाचकानं या प्रकरणापाशी थोडं थांबावं.

एक गोष्ट कुठल्याच प्रकरणात बसली नाही, म्हणून इथं सांगतो. साताऱ्यात इंग्रजांच्या नाकावर टिच्चून प्रतिसरकार चालवणारे क्रांतिसिंह नाना पाटील १९६७ मध्ये लोकसभेवर निवडून गेले ते बीडमधून. दुसरं सरकार शक्य आहे हे ज्यानं करून दाखवलं होतं, त्याला आमच्या जिल्ह्यानं दिल्लीला पाठवलं.

मोगलाई गेली म्हणतो, पण ती कागदावर अजून पुरती मेलेली नाही. सुरक्षा परिषदेत हैदराबादची तक्रार १६ सप्टेंबर १९४८ ला चर्चेला आली, सहा दिवसांत निजामानं ती मागं घेतली. त्याच महिन्यात लंडनच्या बँकेत वळवलेल्या १०,०७,९४० पौंड ९ शिलिंगांवर मात्र भारत, पाकिस्तान आणि निजामाचे वारस ऑक्टोबर २०१९ पर्यंत भांडत होते. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती. निकाल भारत आणि वारसांच्या बाजूनं लागला. इकडं तहसिलीत अजून मदतमाश, खिदमतमाश जमिनींच्या फायली निघतात, खासरा पहाणीचा उतारा लागतो, आणि उर्दू वाचणारा म्हातारा शोधत माणसं गावोगाव हिंडतात. २ सप्टेंबर २०२५ ला राज्य सरकारनं मराठा-कुणबी नोंदींसाठी हैदराबाद गॅझेटियर लागू करण्याचा निर्णय काढला. ज्या राजवटीतून आपण मुक्त झालो, तिच्याच नोंदीत आपण कोण आहोत हे शोधायची वेळ आली. या वाक्यात उपरोध शोधू नये. राज्यं जातात, दप्तर राहतं, इतकाच त्याचा अर्थ.

रेल्वेचं तेच. निजामाची रेल्वे परळीपर्यंत आली, बीड शहरापर्यंत आली नाही. बीडहून हैदराबाद आणि बीडहून मुंबई ही अंतरं जवळपास सारखीच, चारशे किलोमीटरच्या आसपास. दोन्ही राजधान्यांना आम्ही सारखेच लांब. अखेर बीड ते अहिल्यानगर, म्हणजे जुनं नगर, रेल्वे सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, मुक्तीला सत्त्याहत्तर वर्षं झाल्यावर. जुन्या हद्दीपलीकडं ती आता रुळांवरून जाते.

हे पुस्तक इतिहासाचं नाही आणि कादंबरीही नाही. जिथं घडलेलं आहे तिथं तारीख दिली आहे. जिथं तारीख नाही ते माझं. वाचकांना एक विनंती. घरातल्या फळीवर, ट्रंकेत, देवघराच्या खणात एखादी करोडगिरीची पावती, हाली नाणं, उर्दू किंवा मोडीतला पिवळा कागद असेल, तर तो रद्दीत घालू नका. कुणाकडून तरी वाचून घ्या. त्यात माझ्या एखाद्या प्रकरणाला खोटं ठरवणारं काही सापडलं, तर पुढच्या आवृत्तीत ते प्रकरण मी काढून टाकीन आणि तो कागद तिथं छापीन.